गाव कुठपर्यंत असतं?

विनायक गेल्याचं कार्ड पुण्याहून त्याच्या थोरल्या भावाने टाकलं होतं. विषमज्वर. असलं कार्ड घरात ठेवत नाहीत, म्हणून वाचून फाडलं, हात धुतले आणि जेवायला बसलो. बायको माझ्याकडे बघत राहिली… मला काहीच होत नव्हतं. दुसऱ्या दिवशी कचेरीत तीन नकाशे उतरवले. एकही रेघ चुकली नाही, याची अजून लाज वाटते.

विनायक आणि मी केडगावचे, लहानपणापासूनचे सोबती. मी नगरच्या मोजणी कचेरीत नकाशे उतरवणारा कारकून झालो, तो पुण्याला कॉलेजात शिकवू लागला. विद्यापीठाच्या प्रबंधाला त्याने विषय घेतला तोही जगावेगळा. गाव कुठपर्यंत असतं? पाटाचं पाणी आलं, ऊस आला, त्याने गाव पसरलं की आखडलं, हे त्याला लोकांच्याच तोंडून हवं होतं. "अरे, आमच्याकडे हद्दीच्या दगडानिशी नोंद आहे, कशाला उन्हात मरतोस?" असं मी म्हणालो होतो. अगदी हेच शब्द.

वर मोठ्या उत्साहाने, त्याने निवडलेल्या देवळालीजवळच्या गावाचा कचेरीच्या शिक्क्याचा नकाशाही त्याला दिला. तिथेच घोळ झाला. शिक्का पाहून लोकांना वाटलं, पाटाची नवी आकारणी आली, आणि पट्टी वाढेल या भीतीने जो तो गाव आखडून सांगू लागला. नदीपलीकडची वस्ती? "ती आमच्यात न्हाई." वडाखालचा देव? "त्यो शेजारच्यांचा." देवसुद्धा परका केला! विनायकाने वर्षभर ते इमानेइतबारे लिहून घेतलं. ही गोम माझ्या लक्षात आली आणि मी ती बोलून बसलो. लढाईच्या कागदटंचाईत जमवलेल्या त्या वह्या त्याने बाजूला सारल्या. प्रबंधाची मुदत तोंडावर आली होती. "आहे तेच दे, पुण्यात कुणाला कळतंय?" मी म्हणालो.

"मला कळलंय ना," म्हणाला, आणि नकाशा माझ्या टेबलावर ठेवून भर चैत्रात पुन्हा गेला. परतला तो ताप घेऊनच. मी गप्प बसलो असतो तर…

पुढे त्याच्या प्राध्यापकांनी कळवलं, शेवटची वही मिळाली तर प्रबंध विनायकाच्या नावाने पुरा करता येईल. वही त्या गावातच राहिली होती. मी गेलो. विनायक तिथल्या भागाजीबाबांच्या ओसरीवर उतरायचा. बातमी मीच सांगितली. म्हातारे आत जाऊन वही घेऊन आले.

"शेवटी काय सांगितलंत त्याला?" मी विचारलं.

"गावात मयत झाली की जितवर औतं सुटत्यात, तितवर आमचं गाव. मानूस न्हेईस्तवर कुनी नांगर धरीत न्हाई." मग थांबून म्हणाले, "मास्तर कंच्या दिशी गेले?"

"मागच्या महिन्यात. अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी."

त्यांनी बोटांवर दिवस मोजले. "त्या दिशी आमची औतं चालू हुती की." मग एकदम माझ्यावर उखडले. "एक मानूस धाडाया काय झालं हुतं तुमाला?"

त्या ओसरीवर मला पहिल्यांदा रडू फुटलं.