शरणपूरची शशिकला

आमच्या शशिकलाचा रंग काळा आणि केस भारी कुरळे. चंदीगडच्या सेक्टर बावीसच्या बाजारात ती तीस वर्षं भाजी घेतेय, तरी नवा भाजीवाला विचारतोच, "मैडम, आफ्रिका से?"

ती म्हणते, "नाशिक से. पर आधा ठीक पकड़ा तूने."

तिचा पणजोबा खरंच तिकडचा. पोरवयात त्याला पकडून गुलामांच्या जहाजात कोंबलं होतं. भर समुद्रात इंग्रजी आरमारानं जहाज अडवून सोडवलं आणि नाशिकजवळ शरणपूरच्या मिशनात आणलं. तिथं नवं नाव मिळालं, आईनं ठेवलेलं गेलं. शशिकला नर्स झाली, नोकरीपायी चंदीगडला आली आणि इथंच राहिली. आमच्या चर्चमध्ये मराठी बोलणाऱ्या आम्ही दोघीच, त्यामुळे भांडायलाही दोघीच.

दर ऑगस्टच्या पहिल्या रविवारी ती गुलामांच्या सुटकेची उपासना ठेवते. यंदा पाळकसाहेबांनी काळ्या-गोऱ्यांना सारखाच न्याय मिळो म्हणून प्रार्थना केली. सगळ्यांत मोठ्यानं आमेन मी म्हटलं.

मागच्या बाकावर नाकातो होती, युगांडाहून फार्मसी शिकायला आलेली पोरगी. तिला सोमवारी राहती खोली सोडायची होती. अकरा घरं फिरली. फोनवर खोली रिकामी, ही दारात दिसली की भरलेली. अकरावं घर आमचं. गच्चीवरची खोली रिकामी असून मी म्हटलं होतं, "दे दी, बेटा." शेजाऱ्यांची भीती, दुसरं काय!

उपासनेनंतर नाकातोनं शशिकलाला सगळं सांगितलं. संध्याकाळी दोघी ट्रंक घेऊन माझ्या दारात.

"सरोज, तुझा भाडेकरू कुठाय? भेटव तरी."

मी म्हटलं, "अगं, सुशांतला विचारायला हवं." सुशांत माझा मुलगा.

"त्याच्या काविळीत सलाईन मी लावलंय. त्याचं मी बघते."

"आणि खालचे बालीजी?"

"हिला नको म्हणणारा मलाही नकोच म्हणणार. मग माझाही चहा बंद कर. माझ्या खोलीत दुसरी खाट मावत असती, तर तुझ्या पाया पडायला आले नसते. सकाळचं आमेन कुणासाठी होतं गं?"

मी गच्चीवरच्या खोलीची किल्ली काढली. नाकातोला म्हटलं, "बेटा, मैंने झूठ बोला था."

"पता है, आंटी."

जिन्यात बालीजी आलेच. "सरोजजी, ये कौन?"

"हमारी किरायेदार," मी म्हटलं.

"सोच लो जी."

शशिकलानं ट्रंकेचं एक टोक उचललं. "सोच लिया. आप ज़रा हटिए, भारी है."

ते हटले. आम्ही तिघींनी ट्रंक वर नेली.