भिंतीवरचा वंशवृक्ष

"आडनावावरून काहीच लागत नाही गं," काकू म्हणाल्या.

"मग गाव विचार. गावावरून बरोबर लागतं," त्यांची मैत्रीण म्हणाली.

किचनमधला मिक्सर तेवढ्यात थांबला होता, म्हणून मला ऐकू आलं. मी बाथरूममधून बाहेर पडून पॅसेजमध्ये उभी होते. हात कोरडे झाले होते, तरी मी ते जीन्सला पुसत राहिले.

शिकागोजवळच्या शॉमबर्गमधलं हे घर मी त्या रविवारी पहिल्यांदाच पाहत होते. मी इतिहासात पीएच.डी. करत होते आणि उन्हाळ्यात शिकागोच्या एका लायब्ररीत जुनी जर्मन पुस्तकं बघायची परवानगी मला मिळाली होती. राहायला जागा मात्र नव्हती. ओळखीच्या कुणीतरी काकूंचा नंबर दिला. त्यांची वरची खोली रिकामी होती. "ये की जेवायला, रूमही बघून जा," त्या फोनवर म्हणाल्या. काका स्टेशनवर घ्यायला आले. खोली छान होती. खिडकीत मेपल, भिंतीला लागून एक डेस्क, आणि शेजारी देवघर. ती मिळाली नाही तर माझा उन्हाळा गेला, आणि प्रबंधाचं एक अख्खं प्रकरण वर्षभर लांबलं, हे मला माहीत होतं.

मी जाऊन टेबलाशी बसले. समोर भिंतीवर, काकांच्या डोक्याच्या वर, फ्रेम केलेला वंशवृक्ष होता. मुळाशी एक ऋषी, वर फांद्याफांद्यांवर नावं, सगळी पुरुषांची. फक्त शेवटच्या डहाळीवर त्यांच्या बारा वर्षांच्या मुलीचं नाव होतं. ते त्यांनी भावांशी भांडून घातलं होतं, असं त्यांनी मला आल्याआल्याच कौतुकाने सांगितलं होतं.

"मग, तुमचं गाव कुठलं म्हणालीस?" काकूंनी पुरी वाढत विचारलं.

"नागपूर."

"ते शहर झालं गं. मूळ गाव?"

"आजोबांपासून नागपूरच."

"आणि कुलदैवत?"

"आईला विचारावं लागेल," मी म्हणाले. हे उत्तर माझ्याजवळ कायम तयार असायचं. नागपूरच्या इंग्लिश मीडियम शाळेत मुली एवढंच विचारायच्या, 'व्हॉट्स युअर फुल नेम?' आणि आडनाव येईपर्यंत डोळे माझ्या चेहऱ्यावर ठेवायच्या. तेव्हापासून मी थोडं बोलायला शिकले. लोक म्हणतात, किती शांत मुलगी. शांत वगैरे मी कधीच नव्हते. मी लक्ष ठेवून असायचे.

"अगं, जेवू दे तिला," काका म्हणाले. "तू काय ते राजेरजवाडे शिकतेस ना? सांग की. इथे सगळे कॉम्प्युटरवालेच भेटतात, बोअर झालं."

मग मी हॅब्सबर्ग घराण्याबद्दल बोलू लागले. माझा विषय निघाला की मला बोलता येतं. स्वित्झर्लंडमधल्या एका टेकडीवरचा लहानसा किल्ला, तिथून हे लोक निघाले. नावाचा अर्थ ससाण्याचा किल्ला असा असावा, म्हणतात. पुढे त्यांच्यातल्या एकाला जर्मनीचा राजा म्हणून निवडलं, कारण बाकीच्या बड्यांना वाटलं, हा काही डोईजड व्हायचा नाही. त्याने ऑस्ट्रिया घेतला आणि घराणं सहाशेहून जास्त वर्षं तिथून हललं नाही. पण मध्येच एका वंशजाला आपला मान कमी वाटू लागला. त्याने जुन्या सनदा चक्क बनवून घेतल्या. त्यात सीझर आणि नीरो यांची पत्रंसुद्धा होती, ऑस्ट्रियाला खास हक्क दिल्याची.

"सो दे जस्ट मेड इट अप?" मुलीने विचारलं.

"हो. एका विद्वानाने तेव्हाच ओळखलं, हे खोटं आहे म्हणून. पण शंभरेक वर्षांनी त्याच घराण्यातला माणूस बादशहा झाला, आणि त्याने त्या खोट्या सनदांवर खरेपणाचा शिक्का मारला. त्याच्या मुलाने तर पगारी पंडित बसवले. त्यांनी वंश ग्रीक पुराणातल्या ट्रॉय नगरीपर्यंत नेला, मग थेट बायबलमधल्या जलप्रलयातल्या नोहापर्यंत."

काकांना हसता हसता ठसका लागला. "नोहा! तो बोटवाला? हद्द आहे यार! आणि लोक मानायचे हे?"

"मानायचे," मी म्हणाले.

"वेडेच असतात लोक," मैत्रीण म्हणाली.

मी वर भिंतीकडे बघितलं. ऋषी दाढीसकट तिथेच होते. टेबलाभोवतीच्या कुणीही तिकडे मान वळवली नाही.

काकूही हसत होत्या. त्याच हसऱ्या तोंडाने त्यांनी माझ्या वाटीत श्रीखंड घातलं आणि म्हणाल्या, "बरं, गोत्र तरी माहीत असेल ना? आम्ही काही मानत नाही हं, गैरसमज नको. पण जूनमध्ये सासूबाई यायच्यात, त्यांचं सोवळं फार, आणि रूम देवघराला लागून. आधी विचारून ठेवलेलं बरं."

"आजकालच्या मुलींना कुठलं गोत्र माहीत?" मैत्रीण म्हणाली.

तिने मला वाट करून दिली होती. मी नुसती मान हलवली असती तरी खोली माझी होती. मेपल, डेस्क, पूर्ण उन्हाळा. सासूबाईंच्या आड काकू लपल्या होत्या, तशी मीही लपले असते, आणि रोज सकाळी देवघरावरून जाताना अंग चोरलं असतं.

माझे कान तापले. प्रश्न जुनाच होता, त्याची मला सवय होती. सहन झालं नाही ते त्यांचं हसणं. सहाशे वर्षांपूर्वीच्या राजांचा खोटेपणा एका घासात ओळखणारी ही शिकलेली माणसं, आणि माझ्यासाठी तीच वंशाची चाळणी घेऊन बसली होती, वर श्रीखंडाचा आग्रह करत होती. परत स्टेशनपर्यंत मला काकाच सोडणार होते, तेही आठवलं. आठवून राग आणखी वाढला.

मी वाटी बाजूला सरकवली.

"काकू," मी म्हणाले. आवाज चिरका निघाला, तरी मी थांबले नाही. "आमचं घराणं छप्पन साली नागपुरात सुरू झालं. माझे आजोबा स्वतः तिथे उभे होते, लाखो लोकांबरोबर, भर दिवसा. त्याच्या मागचं आम्ही कुणाकडूनही लिहून घेतलेलं नाही. मी बौद्ध आहे. मघाशी किचनमध्ये तुम्हाला लागत नव्हतं, ते हे."