अंकुशची हसरी कातडी

आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये अंकुश राहतो. पस्तिशी ओलांडलेला, उंच, खांद्यात रुंद, आमच्या उलव्याजवळच्या द्रोणागिरीत एका गोदामात सुपरवायझर. बघताक्षणी वाटतं, हा गडी चार माणसांना उचलून बाजूला ठेवेल. ठेवेलही. फक्त त्या चौघांपैकी कुणी त्याच्या बरगडीला बोट लावता कामा नये. बोट लागलं की हा जिथे असेल तिथे वाकतो, गुडघे मिटतो आणि असा काही हसतो, की खालच्या मजल्यावरची माणसं चहाचा कप न ठेवता म्हणतात, "लावलं वाटतं कुणीतरी बोट."

मी जन्मभर वाशीच्या एका शाळेत जीवशास्त्र शिकवलं. त्वचेच्या धड्यावर माझा विशेष जीव. त्वचा म्हणजे शरीराचं वेष्टण, असं लिहिणाऱ्या मुलांची मी अजिबात गय करायची नाही. वेष्टण चॉकलेटला असतं. सगळ्यात वरचा थर मेलेल्या पेशींचा असतो. म्हणजे लोक आरशासमोर तासन्‌तास नटवतात ते सगळं मेलेलं असतं, हे एकदा कळलं की माणसानं निम्मा नखरा सोडायला हवा. सोडत कुणीच नाही. जिवंत कारभार सगळा खालच्या थरात. तिथे घामाच्या ग्रंथी, केसांची मुळं, रक्तवाहिन्या आणि स्पर्शाची खबर मेंदूला देणाऱ्या मज्जातंतूंची टोकं. ही टोकं अंकुशला देताना देणाऱ्याचा हात भलताच सैल सुटला असावा.

आम्ही उलव्यात राहायला आलो तेव्हा मी घरी शिकवण्या घ्यायचे. असा नमुना समोरच्या दारात राहतोय म्हटल्यावर मी त्याला सोडते की काय! डोळ्यांवर पट्टी बांधून त्याला खुर्चीत बसवायचं आणि दोन बोथट काड्या एकदम टेकवून विचारायचं, एक टोचली की दोन? पाठीवर काड्या एकमेकींपासून चांगल्या लांब टेकवल्या तरी माणसाला एकच वाटते, बोटाच्या टोकावर मात्र अगदी जवळजवळच्याही दोन ओळखता येतात. सुंदर प्रयोग आहे. अंकुशवर तो कधीच पुरा झाला नाही. काडी अजून हवेत असतानाच तो खुर्चीसकट आडवा व्हायचा आणि त्याच्याबरोबर माझा सगळा वर्ग.

"मॅडम, आमी काय करनार? लहानपणापासून असंच हाय," तो डोळे पुसत म्हणायचा.

गोदामात सुटताना प्रत्येकाची झडती होते, कुणी माल खिशात घालून नेऊ नये म्हणून. सुरुवातीला तिथला गार्ड नामदेव अंकुशवर भलताच संशय घ्यायचा. झडतीला उभा राहिलेला माणूस घाबरेल, चिडेल. हा खिदळत जमिनीवर बसतो म्हणजे काय? शेवटी अंकुशनंच तोडगा काढला. नामदेवचे हात स्वतःच्या हातांत धरायचे आणि आपणच ते आपल्या अंगावरून फिरवायचे. मग काही होत नाही. कारण सरळ आहे. आपला हात कुठे जाणार याची खबर मेंदूला आधीच असते, म्हणून स्वतःला गुदगुल्या करता येत नाहीत. त्यामुळे रोज संध्याकाळी गेटवर अंकुश नामदेवचे दोन्ही हात धरून उभा असतो. मागच्या रांगेला हे दृश्य कसं दिसत असेल, ते मी विचारलेलं नाही.

पण खरी गोष्ट घरातली आहे. परभणीकडच्या गावात लहान असताना अंकुशला शाळेच्या दिवशी पोटदुखी व्हायची. त्याची आई रखमाबाई शेतावर मजुरीला जायच्या, त्यांना पोराच्या नाटकांना वेळ नव्हता. त्यांनी एक टेस्ट काढली. पोट दुखतंय म्हणाला की बरगडीत बोट. हसला की दप्तर गळ्यात. खरं दुखणारा माणूस हसेल कशाला, असा त्यांचा हिशोब. पोरगं दर वेळी हसलं आणि त्या जोरावर बारावी पास झालं. लग्नात रखमाबाईंनी सुनेला एक पैठणी दिली आणि ही टेस्ट दिली.

संघमित्रानं पैठणी कपाटात ठेवली आणि टेस्ट रोजच्या वापरात. ती वाशीला एका ऑफिसात क्लार्क आहे, वेळेची पक्की, जिभेची त्याहून पक्की. या दोघांची भांडणं मी ऐकते (भिंती पातळ आहेत, माझा दोष नाही) आणि ती नेहमी एकाच ठिकाणी संपतात. ती फक्त तर्जनी वर करते. लावत नाही. अंकुश भिंतीला चिकटतो आणि म्हणतो, "बरं बाई, तू म्हणशील तसं."

आता पंख्यांकडे येते. उलव्यात घर घेतलेल्या माणसाला धुळीबद्दल काही सांगायला नको. चारी बाजूंनी टॉवर उठताहेत, त्यात विमानतळाचं बांधकाम. सकाळी पुसलेल्या टेबलावर दुपारी बोटानं नाव लिहावं. पंख्याच्या पात्यांवर तर गोधडी साचते. आणि घरात उंच एकटा अंकुश. म्हणून पंखे पुसायचा रविवार आला की त्याचं पोट दुखायचं. टेस्ट व्हायची, अंकुश हसायचा आणि स्टुलावर चढायचा.

त्या रविवारी मी माझ्या दारात दूध घेत होते. समोरून तोच संवाद.

"पोटात लई दुखतंय गं. रात्री बेंबीपाशी होतं, आता इकडं उजवीकडं आलंय."

"फिरतंय का पोटात? छान. पंख्याबरोबर तेपण फिरू दे."

मग ते हसणं. मग आणखी काहीतरी, जे हसणं नव्हतं.

मी दूध तसंच दारात ठेवून त्यांच्या घरात गेले. अंकुश सोफ्यावर कुशीला पडला होता. उजवा पाय पोटाशी घेतलेला, चेहरा पांढराफटक, कपाळावर घाम. संघमित्रा कमरेला ओढणी खोचून, हातात फडकं घेऊन उभी.

"बाई, तुम्हीच बघा. हसला की नाही आत्ता? आणि वर नाटकं!"

तिनं पुन्हा बरगडीत बोट लावलं. अंकुश हसला. पोट धरून हसला. आणि हसता हसता त्याच्या तोंडून अशी किंकाळी निघाली, की माझ्या पायातली चप्पल सुटली.

"पाय सरळ कर रे," मी म्हटलं.

"न्हाई होत, मॅडम."

मला राग आला की मी वर्गात असल्यासारखी बोलते. मी म्हटलं, "संघमित्रा, हसतंय ते कातडं आहे. दुखतंय ते आत आहे. पोटाच्या आतून एक पातळ पडदा असतो, उदरावरण म्हणतात. एक पदर भिंतीला, एक आतड्यांवर, मध्ये थोडासा ओलावा, म्हणजे आतली मंडळी एकमेकांना न घासता सरकत राहतात. त्याला सूज आली की माणूस कण्हतो. कातडीला याची काही खबर नसते. ती आपली हसत बसते."

संघमित्रा गोंधळली. गोंधळली की ती सासूला व्हिडिओ कॉल लावते. स्क्रीनवर रखमाबाईंचं अर्धं कपाळ आणि घराचा पत्रा दिसू लागला.

"हसला का?" त्यांनी आधी हेच विचारलं.

"हसला, आई. दोनदा."

"मंग काय न्हाई त्याला. वव्याचं पानी दे आन् कामाला लाव."

"अहो रखमाबाई, त्वचा आणि उदरावरण या दोन वेगळ्या…" मी सुरू केलं.

"बाई, लेकरू माझं हाय. त्याची कातडी बी म्याच केली, आन् आतलं बी म्याच केलं. मला ठाव न्हाई व्हय?"

हा मुद्दा माझ्या कुठल्याच धड्यात नव्हता, म्हणून मी अंकुशच्या पाठीला उशी लावली. तेवढ्यात अंकुश हळूच म्हणाला, "संघू, पंखा पुसतो मी. पण आधी जरा पडू दे." आणि हे ऐकून संघमित्राच्या हातातलं फडकं गळालं. पंखा पुसतो असं तो आपणहून कधी बोललाच नव्हता.

"आई, ठेवते मी," ती म्हणाली. "उद्या याला काही झालं तर लोकांना काय सांगू? हसत होता म्हणून घरी ठेवला?"

रिक्षात एका बाजूला ती, एका बाजूला मी, मध्ये अंकुश. आमच्या रस्त्यावर स्पीडब्रेकर फार मनापासून बांधलेले आहेत. प्रत्येकावर रिक्षा आपटली की अंकुश ओरडायचा, त्याला सावरायला आम्ही धरलं की हसायचा, हसला की पोट हलून परत ओरडायचा. रिक्षावाला घाबरून आरशात बघत होता. शेवटी म्हणाला, "ताई, दादाला दवाखान्यात नेताय ना? का दुसरीकडं न्यायचंय?"

दवाखान्यात डॉक्टर क्षिप्रा म्हणून एक चुणचुणीत मुलगी होती. ती माझी विद्यार्थिनी निघाली असती तर गोष्ट छान झाली असती. निघाली नाही, लातूरची होती. तिनं पोटाला हात लावला आणि अंकुशनं टेबल हलवलं. मी म्हटलं, आता ही वैतागणार. पण ती शांतपणे म्हणाली, "काका, तुमचा हात पोटावर ठेवा." त्याच्या हातावर तिनं आपला हात ठेवला आणि त्याच्याच बोटांनी त्याचं पोट दाबत गेली. हसू आलंच नाही. उजव्या बाजूला खाली दाबलं तेव्हा तो कण्हला. हात पटकन सोडला तेव्हा मात्र त्यानं छताकडे बघून आईला हाक मारली.

"येताना स्पीडब्रेकरवर दुखलं का?" तिनं विचारलं.

"बिल्डिंगपासून इथपर्यंतचे सगळे स्पीडब्रेकर पाठ झालेत," मी म्हटलं.

सोनोग्राफीच्या वेळीही यंत्राचा दांडा अंकुशनंच धरला, नामदेवचे हात धरतो तसा. अपेंडिक्स टम्म फुगलं होतं. उद्यापर्यंत थांबला असतात तर आत फुटलं असतं, असं डॉक्टर म्हणाली आणि लगेच ऑपरेशनची तयारी करायला गेली.

बाहेरच्या बाकावर संघमित्रा आपल्या उजव्या हाताच्या तर्जनीकडे बघत बसली होती. मग एकदम रडायला लागली. "बाई, मी त्याला उद्यापर्यंत हसवत ठेवलं असतं हो." मी तिला जवळ घेतलं. मी फारशी कुणाला जवळ घेत नाही, पण घेतलं.

ऑपरेशन नीट झालं. रखमाबाई रात्रभर गाडीत बसून आल्या, मुलाच्या उशाशी उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "तवा तू लबाड व्हतास, म्हणून टेस्ट बराबर व्हती." एवढीच माफी. त्यांनी त्याच्या गालाला हात लावायला नेला आणि तसाच मागे घेतला, कारण हसलं की टाके दुखत होते. मग अंकुशनं तो हात आपल्या हातात घेतला आणि स्वतःच गालावर ठेवला. संघमित्राही महिनाभर त्याचं अंग असंच पुसायची; तिच्या हातात ओला टॉवेल आणि तिच्या मनगटावर त्याचा हात. तर्जनी तिनं पुन्हा वर केली नाही. भांडणं मात्र लांबली, आता ती संपवायची कशी हे दोघांनाही कळेना.

दोनेक महिन्यांनी एका रविवारी मी त्यांच्याकडे चहाला बसले होते. पंख्यावर पुन्हा गोधडी. संघमित्रानं स्टूल आणलं. अंकुशनं पंख्याकडे पाहिलं, स्टुलाकडे पाहिलं आणि पोटावर हात ठेवून सोफ्यावर बसला.

"पोटात जरा…"

मी लगेच ओळखलं. चेहरा तुकतुकीत, दोन्ही पाय ऐसपैस पसरलेले, हात डाव्या बाजूला. शिवाय जे दुखायला हवं ते केव्हाच बाटलीत घालून लॅबला गेलेलं. पण संघमित्रा पांढरी पडली. तिनं पर्स घेतली, हॉस्पिटलची फाइल घेतली, एका पायात चप्पलही घातली. तिचा तो चेहरा बघून अंकुश शरमला.

"अगं, गंमत केली. काय न्हाई मला."

"गप्प बस. मागच्या वेळी मी पण असंच समजले होते."

"खोटं वाटतं तर बोट लाव. हसतो का न्हाई बघ."

ती हात पाठीमागे लपवून उभी राहिली. तेव्हा अंकुशनं तिचा हात ओढून घेतला, तिची तर्जनी धरली आणि स्वतःच आपल्या बरगडीत लावली. काही नाही. इकडे लावली, तिकडे लावली. काही नाही. गेटवरचा आपलाच तोडगा आपल्यावर उलटलाय, हे त्याच्या लक्षातच येईना.

"बाई!" संघमित्रा किंचाळली, "आता तर हसत पण नाही हो!"

"अगं, त्याचा स्वतःचा हात असल्यामुळे मेंदूला…" मी सुरू केलं. पण तोवर तिनं त्याला दंडाला धरून जिन्यापर्यंत नेलं होतं. मी बाल्कनीत धावले. खाली रिक्षा उभीच होती. अंकुश आत कोंबला गेला, रिक्षा निघाली, गेटबाहेरच्या पहिल्याच स्पीडब्रेकरवर आपटली, आणि घाबरून संघमित्रानं त्याची कंबर दोन्ही हातांनी गच्च धरली असावी.

ते हसणं अख्ख्या सोसायटीनं दोन महिन्यांनी ऐकलं. खालच्या मजल्यावरून आवाज आला, "लावलं वाटतं!" रिक्षा जागच्या जागी थांबली. हसणं काही थांबेना, मग त्यात संघमित्राचं रडणं मिसळलं, मग ती त्याला चापट्या मारताना आणि शिव्या देताना ऐकू आली, आणि तरी तो हसतच होता. माझेही डोळे भरून आले. धूळ होती, पण नुसती धूळ नव्हती.

रिक्षा उलटी फिरून गेटात आली. दुपारी अंकुशनं त्यांच्या घरातले सगळे पंखे पुसले आणि मग माझेही. संघमित्रानं खाली स्टूल धरलं होतं.

"संघू, बोट लावू नको हां, पडंन मी," तो वरून म्हणाला.

"नाही लावत," ती म्हणाली, आणि स्टूल दोन्ही हातांनी घट्ट धरून राहिली.