आठवड्याचा शब्द

कालिंदीबाई आगाशे मूळच्या कलकत्त्याच्याच. वडील बालीगंजच्या एका शाळेत गणित शिकवायचे. माहेरचं नाव मथुरा, वडील मथू म्हणत. लग्नात दत्तात्रय आगाश्यांनी रीतीप्रमाणे ताटातल्या तांदळावर अंगठीनं नवं नाव काढलं, कालिंदी, आणि मथू तिथेच संपली. गंमत बघा, इतक्या हौसेनं ठेवलेलं नाव त्या गृहस्थानं पुढे एकदाही तोंडातून काढलं नाही. 'अगं', 'ऐकलंस का', नाहीतर नुसतं खाकरणं, एवढ्यावर सगळा संसार. बाईंनी कधी तक्रार केली नाही. मनात सलायचं मात्र, खोटं कशाला बोला.

आगाशे एका गोदामांच्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होते. ऑफिस एस्प्लनेडला, गोदामं शहरभर. त्यांच्या हुकमाशिवाय कुठलं कुलूप उघडत नसे की गाडी हलत नसे. पण एकाहत्तर साली नक्षलवाद्यांच्या धामधुमीत ऑफिस गाठणंच जिवावरचं झालं. आज बंद, उद्या बॉम्ब, परवा कर्फ्यू. तेव्हा कंपनीनं त्यांच्या घरापर्यंत खास टेलिफोनची तार ओढून दिली. रिसीव्हर उचलला की थेट ऑफिसातला ऑपरेटर. दुसरीकडे कुठे तो फोन लागत नसे. साहेब घरात बनियनवर बसून गोदामं चालवू लागले.

आणि एक दिवस कुणीतरी खांबावर चढून त्याच तारेला आपली तार जोडली. "साहेबांना अपघात झालाय, जीप पाठवा," म्हणाला. जीप गेली. ती जळालेली सापडली आणि सनातन नावाचा ड्रायव्हर परत आलाच नाही. ज्या ऑपरेटरनं ती पाठवली, त्याला आगाश्यांनी त्याच दिवशी कामावरून काढलं. त्याच्या जागी परिमल आला. मग साहेबांनी नियम केला. दर आठवड्याला स्वतः जाऊन ऑपरेटरच्या कानात एक शब्द सांगायचा. फोनवर आधी तो शब्द, मग काम. तीनदा चुकला की ऑपरेटरनं जोडणी काढून टाकायची, आणि दुसऱ्या दिवसापर्यंत पुन्हा जोडायची नाही. शब्द नेहमी मराठी, कारण ऑफिसात दुसरं मराठी माणूस नव्हतं.

"मला तरी सांगून ठेवा," बाई एकदा म्हणाल्या.

"तुला काय करायचाय? उद्या तू जरी फोन केलास तरी परिमल शब्दाशिवाय हलायचा नाही. बजावून ठेवलंय त्याला." हे सांगताना साहेबांच्या तोंडावर काय अभिमान होता! नियमाला डोळे नसतात, हे मोठ्या हुद्द्यावरच्या माणसाला सांगणार कोण.

त्यानंतर एका कर्फ्यूच्या सकाळी ते न्हाणीघराच्या उंबऱ्यात कोसळले. उजवी बाजू गेली, वाचा गेली. शुद्ध तेवढी होती. शेजारच्या घोषबाबूंचा फोन नेहमीसारखा मेलेला. कर्फ्यूत फिरायचा पास होता तो कंपनीच्या जीपला. बाईंनी घरचा रिसीव्हर उचलला आणि बंगालीत म्हणाल्या, "परिमल, मी मिसेस आगाशे बोलतेय. साहेब पडलेत. डॉक्टरांना घेऊन जीप पाठव."

परिमल त्यांना बौदी, म्हणजे वहिनी म्हणे. पलीकडून हळूच आवाज आला, "बौदी, शब्द?"

"मला नाही रे माहीत. त्यांना बोलता येत नाहीये."

"तेव्हाही असंच सांगितलं होतं, बौदी. आज जीपवर सनातनचा भाऊ आहे. हात जोडतो, शब्द सांगा."

बाई नवऱ्याकडे वळल्या. "काय शब्द आहे हो? खूण तरी करा." त्यांनी मोठ्या कष्टानं डावा हात उचलला आणि बोट बाईंच्या दिशेनं धरलं. बाईंच्या मागे पाण्याचा माठ होता. घसा कोरडा पडला असेल म्हणून त्यांनी धावत जाऊन पाणी आणलं. ते ओठांच्या कडेनं वाहून गेलं. बोट पुन्हा वर आलं. बाईंना काही कळेना.

त्यांनी यांचं गाव सांगितलं, गुहागर. "नाही, बौदी." सासूबाईंचं नाव सांगितलं, म्हाळसा. "नाही." आता एकच संधी उरली. नवऱ्याची नजर त्यांच्यावरच खिळली होती. बाईंच्या मनात आलं ते त्या वयात बोलायलाही लाज वाटावी असं होतं. रिसीव्हर तोंडाशी घट्ट धरून त्या हलकेच म्हणाल्या, "कालिंदी."

"नाही, बौदी," परिमल म्हणाला. तो रडत असावा. मग खट्‌ असा आवाज झाला आणि तार मुकी झाली. जमिनीवर आगाश्यांनी डोळे मिटून घेतले होते. बाईंना स्वतःचीच शरम वाटली. भलतीच आस धरली आपण.

घोषबाबूंनी गल्लीतली माणसं गोळा करून त्यांना खाटेवर घालून बाहेर काढलं. चौकात पोलिसांनी अडवलं, पास कुठे आहे म्हणून. हुज्जत मिटेपर्यंत खाटेवरचा माणूस गेला होता.

तेरावं झाल्यावर परिमल आला. भिंतीशी खाली बसला, मान वर करीना. "मी तुमचा आवाज ओळखला होता, बौदी," म्हणाला. "पण सनातनच्या वेळीही सगळ्यांना आवाज ओळखीचाच वाटला होता."

बाईंचा त्याच्यावर राग नव्हता. जो काही होता तो हार घातलेल्या फोटोतल्या माणसावर होता. त्यांनी एवढंच विचारलं, "शब्द काय होता?"

"मथू," परिमल म्हणाला. "साहेब म्हणाले, याची चोरी होणार नाही, हा फक्त मलाच आठवतो. काय अर्थ त्याचा, बौदी?"

बाईंची नजर कोपऱ्यातल्या माठाकडे गेली. ते बोट पाण्याकडे नव्हतं तर.

"एका मुलीचं नाव आहे," त्या म्हणाल्या. "यांनीच बदललं होतं. इतक्या वर्षांत एकदा जरी त्या नावानं हाक मारली असती ना, तर त्या दिवशी माझ्या तोंडात पहिलं तेच आलं असतं."