गोरेपणाचं पॅकेज आणि करुणा मॅडम

गारखेड्यातल्या आमच्या डॉक्टर करुणा साळवे यांना कातडीचं सगळं कळतं, धंद्याचं काहीच नाही. माझ्या मानेवरची चामखीळ पाहून त्या म्हणाल्या, "राहू द्या, शोभून दिसते." वर फीसुद्धा घेतली नाही! असा डॉक्टर बुडायला कितीसा वेळ लागणार?

ती वेळ लग्नसराईत आलीच. दवाखान्याचे मालक डॉक्टर सुदर्शन यांनी नवरा-नवरीसाठी गोरेपणाचं पॅकेज काढलं होतं. जेवढी पॅकेजं खपतील, तेवढा मॅडमना वाटा. मॅडमनी एकही खपवलं नाही. शेवटी सुदर्शन चिडले, "लग्नसराई संपेपर्यंत पॅकेजं गेली नाहीत, तर केबिन रिकामी करा."

अशात पिशोरच्या रत्नमालाबाई लेकीला, तनुजाला घेऊन आल्या.

"लग्न तोंडावर आलंय, मॅडम. सगळ्यात महागाचं पॅकेज द्या."

मॅडमनी तनुजाला स्कार्फ सोडायला लावला. गाल लालभडक, कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी.

"काय लावतेस?"

तनुजानं पर्समधून गोरं करणाऱ्या क्रीमची ट्यूब काढली. मेडिकलवाल्यानं चिठ्ठीशिवाय दिलेली, आत स्टिरॉइड.

"पॅकेज मिळणार नाही," मॅडम म्हणाल्या. "यावर मशीन फिरवलं तर तोंड भाजेल. ही क्रीम मी सांगते तशी हळूहळू सोडायची. काही दिवस चेहरा आणखी लाल दिसेल, मग सुधारेल."

"म्हंजे माझी पोर लाल तोंडानं बोहल्यावर चढंल? पैसे देऊन बी गोरं करंनात, कसल्या डॉक्टर म्हणायच्या या!"

रत्नमालाबाई तणतणत बाहेर आल्या आणि जागीच थबकल्या. बाकावर पाचोडच्या होणाऱ्या विहीणबाई, कडूबाई! शेजारी नवरदेव शिवम, डोळ्यांखाली रुमाल बांधून.

"विहीणबाई, तुमी इकडं?"

"आमी व्हय? टाचंला लई भेगा पडल्यात. तुमी?"

"आमी बी टाचंसाठीच."

तनुजाला हसू आवरेना. तिनं सरळ शिवमचा रुमाल खाली ओढला. आत तिच्यासारखेच लाल गाल.

"कोणती लावता?"

शिवमनं खिशातून ट्यूब काढली. तीच!

मॅडम दारातून सगळं ऐकत होत्या. पेशंटची गोष्ट पेशंटनंच सांगावी, असा त्यांचा नियम. शेवटी कडूबाईच हसल्या, "आता काय लपवायचं? जोडा तर झक्कास जमला, दोघं बी टमाटे!"

लग्न ठरल्या दिवशीच लागलं, लाल तोंडांनी. मांडवात दोन्ही विहिणी पंगतीपंगतीत सांगत फिरल्या, "पॅकेजचे पैसे पुढं केले तरी घेईना अशी डॉक्टरीण पाह्यलीय का कुठं?" मग काय! आपापल्या ट्यूबा घेऊन जीपा भरभरून लोक यायला लागले आणि तपासणीच्या फीनं दवाखान्याचा गल्ला भरायला लागला.

लग्नसराई संपली. सुदर्शन केबिनमध्ये आले. मॅडम म्हणाल्या, "उद्या रिकामी करते."

"नाही हो, लहान पडतेय तुम्हाला. माझी घ्या."

"घेते. पॅकेज बंद करा."

सुदर्शननी दाराबाहेरची गर्दी पाहिली. "केलं."

आता सुदर्शन छोट्या केबिनमध्ये बसतात. लोक तिथं डोकावून विचारतात, "मोठ्या मॅडम कुठं बसतात हो?" आणि मालक स्वतः उठून दार दाखवतात.