धुतलेला सदरा

गल्ली तिला कडकमावशी म्हणायची. इस्त्री कडक, जीभही कडक. ‘मावशी, विजार जरा नरम ठेवा, बसता येत नाही,’ असं कुणी म्हटलं की म्हणायची, ‘मग उभा राहा. विजार तरी टिकेल.’

आता थट्टा करायला गिऱ्हाईकच उरलं नव्हतं. एकुलता एक पोरगा पोलिसांच्या गोळीने गेला आणि हिने त्यांच्यावरच तक्रार केली. तेव्हापासून लोक कपड्यांची बोचकी घेऊन पलीकडच्या रस्त्याने जायचे. सख्खी जाऊसुद्धा दार अर्धंच उघडायची.

पोलीस म्हणत, तो चाकू घेऊन धावून आला, लांबूनच गोळी झाडावी लागली.

दवाखान्यातून प्रेताबरोबर कपड्यांचं गाठोडंही चुकून हिच्याच हाती आलं. बाहेर बायका रडत होत्या आणि ही मोरीत. रक्त मुरलं की डाग निघत नाही, एवढंच तिच्या हातांना ठाऊक. सदरा गार पाण्यात भिजवला, मीठ चोळलं. पाठीवरच्या भोकाभोवती काजळीचं कडं होतं, तेही घासून काढलं. बंदूक टेकवून झाडली की असं कडं पडतं, हे तिच्या वकीलबाईंनी नंतर सांगितलं.

चौकशीच्या दिवशी वकीलबाई हळूच म्हणाल्या, ‘मावशी, धुतल्याचं कळलं तर ते या सदऱ्याला चिंधीएवढीही किंमत देणार नाहीत.’

‘आणि काजळी होती म्हटलं, तर गेली कुठं, ते नको सांगायला?’

आत गेल्यावर तिने सगळं सांगितलं.

पोलिसांचा वकील उठला. ‘म्हणजे पुरावा तुम्हीच पुसलात?’

‘हो. ह्याच हातांनी.’

‘मग हे भोक तुमच्या इस्त्रीचं नाही कशावरून?’

मागे कुणीतरी फिसकन हसलं. तिची जीभ एरवी अशा वेळी चाबकासारखी चालायची.

‘काजळी होती साहेब,’ ती एवढंच म्हणाली. ‘मी पाहिली, मीच घासली.’

चौकशी अधिकाऱ्याने ते लिहून घेतलं. मानायचं की नाही, हे त्याच्या चेहऱ्यावरून कळेना. ‘सदरा आता इथंच राहील,’ तो म्हणाला.

‘परत कधी मिळेल?’

‘सांगता येत नाही, बाई.’

शिपाई सदरा पाकिटात कोंबायला लागला तशी ती पुढे झाली. ‘चुरगाळू नकोस रे.’ तिने बाह्या आत घेतल्या, घडी घातली. पाठ वर, भोक दिसेल अशी. मग रिकाम्या हातांनी बाहेर आली. बाकावरच्या बायका तिला पाहून सरकल्या. जागा करायला नाही, अंतर ठेवायला.