लाईट नसताना वाजलेली बेल

माझं काम सॉफ्टवेअर टेस्टिंगचं. जे पुन्हा करून दाखवता येत नाही त्याला आम्ही बगसुद्धा मानत नाही, मग अशा अनुभवांची काय कथा! ते सांगणाऱ्यांची मी कायम टिंगलच केली आहे. आता तुम्ही माझी करा... हरकत नाही.

लोडशेडिंग जोरात होतं त्या वर्षांतली गोष्ट. बिबवेवाडीत तिसऱ्या मजल्यावर आम्ही दोघंच राहायचो – मी आणि माझे वडील, अण्णा. त्यांची फुप्फुसं थकली होती. ऑक्सिजनचं मशीन बंद पडलं की थोड्याच वेळात ओठ निळे पडायचे. म्हणून इन्व्हर्टर घेतला. त्यावर पंखे, एकेक ट्यूब आणि अण्णांच्या पलंगाजवळच्या दोन सॉकेटपैकी एक. त्या सॉकेटला मी नेलपॉलिशचा लाल ठिपका दिला.

अण्णा वायरमनला म्हणाले, "बेलही घ्या हो त्यावर. आलेला माणूस ताटकळायला नको."

"काका, बॅटरी तुमच्या श्वासासाठी आहे. पाहुणे कडी वाजवतील."

"म्हणजे तुम्ही पक्के पुणेकर," अण्णा म्हणाले. बेल राहिली ती राहिलीच.

तो गुरुवार होता, म्हणजे पुण्यात लाईट जायचा हक्काचा वार. पण दुपारपर्यंत गेली नव्हती. मुक्कामाला आलेली आत्या सकाळी अण्णांच्या खोलीत साडीला इस्त्री करून हडपसरला परत गेली होती. जेवण झाल्यावर अण्णा झोपले, मी हॉलमध्ये चटईवर आडवी झाले. पंखा फिरत होता, पडदा हळूच फुगत होता, आतून मशीनची घुरघुर येत होती. डोळा कधी लागला कळलंच नाही.

स्वप्नात सगळीकडे हिरवट उजेड होता, पाण्याखाली असावा तसा. खूप बरं वाटत होतं. कुठेच जायचं नव्हतं. मग लांबून चिमण्या आल्या, किलबिल जवळ जवळ येत गेली... आणि अगदी कानाशी एक बाई म्हणाली, "प्लीज ओपन द डोअर."

आमची बेल! तेव्हा घरोघरी असायची तशी – आधी चिमण्या, मग ही बाई. मी झोपेतच उठून दार उघडलं. कोणी नाही. जिन्यात नुसतं पिवळं ऊन सांडलेलं. चिडून दार लावलं आणि वळले, तेव्हा कळलं की पंखा फिरतोय, पण घुरघुर नाही.

धावले. अण्णांचे ओठ निळे, छाती भात्यासारखी हलत होती. आत्याने ठिपक्याचा अर्थ न कळून, इस्त्रीसाठी मशीनचा प्लग काढून दुसऱ्याच सॉकेटमध्ये लावला होता. लाईट गेली होती आणि इन्व्हर्टरमुळे ती गेल्याचं मला कळलंच नव्हतं! प्लग ठिपक्याच्या सॉकेटमध्ये घातला. मशीन सुरू झालं. अण्णांच्या ओठांवर रंग परत येईपर्यंत मी त्यांचा हात सोडला नाही. इतकी भीती मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

मग आठवलं... लाईट नाही, तर बेल वाजली कशी? बाहेर जाऊन बटण दाबलं. आवाज नाही. पुन्हा दाबलं. नाहीच.

ऑफिसातला मित्र म्हणाला, "अगं, खऱ्या चिमण्या असतील." असतील. पण बिबवेवाडीतली कुठली चिमणी शेवटी इंग्लिशमध्ये दार उघडायला सांगते? स्वप्न म्हणावं, तर मी एक शब्द बोलायच्या आत अण्णांनीच नळी बाजूला करून विचारलं होतं, "कोण आलं होतं गं?"

"तुम्हाला ऐकू आली बेल?"

"मी काय बहिरा आहे?"

"कोणीच नव्हतं, अण्णा. मी दार लावून घेतलं."

अण्णांनी नळी पुन्हा नाकाला लावली. मग म्हणाले, "असं तोंडावर दार लावू नये गं. पाणी तरी विचारायचं... एवढ्या उन्हातून आलं होतं."